मागचे डावे चाक

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी सव्वाबारा वाजता, सोलापूरहून कुंभारीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका अलाइनमेंटच्या दुकानासमोर बंद ट्रेलर थांबला. ट्रेलरमध्ये एकच गाडी होती. ती मुंबईहून निघाली होती आणि रविवारी सकाळी नऊ वाजता दक्षिणेतल्या एका रेसट्रॅकवर धावणार होती. दुकानात तेव्हा आम्ही तिघे होतो. चौथे, स्पेअर पार्ट्सचे व्यापारी, शटर अर्धवट ओढून आले. पाचव्या, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम, अकरा मिनिटांनी स्कूटरवरून आल्या. सकाळची प्रात्यक्षिक परीक्षा आटोपून त्या परस्पर निघाल्या होत्या. हातात खडू तसाच होता.

त्या गाडीवरून आम्हा पाच जणांत आठ महिने वाद चालू होता. गाडी कुणीच पाहिलेली नव्हती.

वाद रविवारी सकाळी साडेआठला सुरू होत असे. जागा हेच दुकान, कारण रविवारी काम नसायचे आणि बाक मोकळा असायचा. परदेशातल्या एका कंपनीने आपल्या दोन आसनी स्पोर्ट्स कारची खास ट्रॅकसाठी केलेली आवृत्ती आणली होती. तिला रस्त्यावर चालवायचा परवाना होता, पण रस्त्याचा विचार करून तिच्यात काही केलेले नव्हते. रेडिओ नव्हता. काचा पातळ होत्या. एसी हवा असेल तर वेगळा मागावा लागे. दार आतून उघडायला मुठीऐवजी कापडी पट्टा होता. मागे माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक पंख होता. आणि एवढे सगळे काढून किंमत वाढवलेली होती.

दुकानाचे मालक त्या वेळी बासष्ट वर्षांचे होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. किमतीबद्दल त्यांचे मत पहिल्या रविवारीच ठरले.

"एसी काढला, रेडिओ काढला, आन दाम वाढवला," ते म्हणाले. "ह्ये आधी कळलं असतं तर मीपण ह्यो बाक काढून रेट वाढवला असता."

स्पेअर पार्ट्सवाल्यांना आम्ही अण्णा म्हणतो. घरी कन्नड, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. त्यांचा राग गिअरवर होता. गाडीला हाताने टाकायचा गिअर नव्हता, स्टिअरिंगमागे दोन पाकळ्या होत्या.

"गिअरचा दांडा न्हाय ती गाडी नव्हं," अण्णा म्हणाले. "मिक्सर हाय मिक्सर."

तिसरे, टॉवेलचे कारखानदार. तेलुगू विणकर घराणे, चौदा माग. त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी दाराच्या कापडी पट्ट्याचा फोटो फोनवर मोठा करून वीण पाहिली आणि उरलेल्या गाडीबद्दल मत देण्याचे टाळले. "पट्टा चांगला विणलाय," एवढे एकच वाक्य ते आठ महिने बोलत होते.

मॅडम गाडीच्या बाजूने होत्या. विमानाचा पंख उलटा लावला की हवा गाडीला वर उचलण्याऐवजी खाली दाबते, हे त्यांनी एका जुन्या टायरवर खडूने काढून दाखवले होते. ते चित्र अजून तिथे आहे.

"मॅडम, हवा त्या गाडीला दाबती, मग आमच्या अक्कलकोटच्या बसला का दाबत न्हाय?" अण्णांनी विचारले होते.

"तिला प्रवासी दाबतात," मॅडम म्हणाल्या.

मी तेव्हा एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करत होतो. माझे मत असे होते की ही गाडी सोलापूरच्या हद्दीत कधीही येणार नाही. ते मी दोन वेगवेगळ्या रविवारी मांडले होते.

ट्रेलरचा चालक उस्तादांचा मेहुणा, त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ. बावीस वर्षे त्याने सिमेंटचे आणि लोखंडाचे ट्रक चालवले. तीन महिन्यांपूर्वी गाड्यांची वाहतूक करणाऱ्या एका कंपनीत त्याला बंद ट्रेलर मिळाला होता. स्वच्छ काम, स्वच्छ कपडे, वेळेवर झोप. अशा प्रकारची गाडी तो पहिल्यांदाच नेत होता. त्याच्या कंपनीचा नियम त्याने स्वतःच आम्हाला सांगितला होता: गाडीला काही झाले तर चालक परत सिमेंटवर. जेवणाची ठरलेली विश्रांती त्याने बहिणीच्या घरी घ्यायचे ठरवले होते. आदल्या दिवशी त्याने उस्तादांना फोनवर फक्त एवढेच सांगितले, "दुल्हेभाई, तुमी शिव्या घालता ती गाडी आणतोय."

साडेबाराला त्याने ट्रेलरचे मागचे दार उघडले. गाडी कच्च्या कैरीच्या रंगाची होती. आत अंधार असल्यामुळे आधी पंख दिसला, मग दोन दिवे, मग टायर. पुढची चार मिनिटे कुणी काही बोलले नाही. हे या पाच जणांच्या बाबतीत पूर्वी घडल्याचे मला आठवत नाही.

पहिले अण्णा बोलले. "लई बुटकी हाय की."

"फोटोत रुंद वाटत नव्हती," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर गेला होता. "अण्णा, बघा, बघा ना, पंखाला आधार वरून आहे. वरून! मी काय सांगत होते?"

"सांगत होता, व्हय. पण इस्त्रीच्या टेबलाला वरनं धरलं काय आन खालनं धरलं काय."

भाऊ ट्रेलरच्या कडेला वाकून दाराच्या काचेतून पट्टा दिसतो का ते पाहत होते. दिसला. त्यांनी अंगठा वर केला.

उस्ताद रस्त्यात, ट्रेलरपासून सात-आठ पावलांवर उभे होते. हातात चहाचा ग्लास होता. त्यांनी आधी डावा डोळा मिटला, मग उजवा.

"सालेसाब," ते म्हणाले. "मागचं डावं चाक भाईर बघतंय."

मेहुणा हसला. "मजाक नको करो."

"मजाक न्हाय. येऊन हितं उभा ऱ्हा."

तो जाऊन उभा राहिला. मग आम्ही चौघेही एकामागे एक उभे राहून पाहून आलो. मॅडमना दिसले. अण्णांना दिसले असे ते म्हणाले. मला काही दिसले नाही.

चालक ट्रेलरमध्ये चढून चाकांचे पट्टे पाहू लागला. गाडी ट्रेलरला बांधायची ती टायरवरून पट्टा घेऊन. तीन चाके तशीच बांधलेली होती. चौथा पट्टा मोहोळजवळ ढिला वाटला म्हणून त्याने रिमच्या आऱ्यांमधून आत घालून, चाकामागच्या एका दांडीला वेढा देऊन आवळला होता. लोखंड बांधायची बावीस वर्षांची सवय होती: हलेल असे वाटले की आणखी आवळायचे. ती दांडी चाकाची दिशा धरून ठेवणारी होती.

तो खाली उतरला आणि ट्रेलरच्या पायरीवर बसला. "झालं," तो म्हणाला. "सिमेंट."

गाडीबरोबरचा तंत्रज्ञ विमानाने ट्रॅकवर आधीच पोचला होता. चालकाने बारा अठ्ठेचाळीसला त्याला फोन लावला आणि पट्ट्याची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. फोन स्पीकरवर होता.

"गाडीला हात लावू नका," तंत्रज्ञ म्हणाला. "दांडी वाकलीये?"

उस्ताद तोपर्यंत ट्रेलरमध्ये आडवे होऊन चाकाच्या मागे पोचले होते. "सूत धरून बघितलं," ते आतून ओरडले. "दांडी सरळ हाय. बोल्ट सरकलाय. खूण बाजूला गेलीय."

"कोण बोलतंय?"

"अलाइनमेंटवाला."

"मशिन कुठलं आहे तुमच्याकडे?"

उस्ताद बाहेर आले, गुडघे झटकले आणि फोनजवळ आले. "मशिन न्हाय," ते म्हणाले. "सूत हाय."

याला थोडा खुलासा हवा. सोलापुरात संगणकावर चाक सरळ करणारी दुकाने आल्याला बरीच वर्षे झाली. उस्ताद अजून त्यांच्या उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे काम करतात. गाडीच्या पुढे आणि मागे एकेक नळी आडवी ठेवायची आणि दोन्ही बाजूंना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, सूत ताणायचे. मग रिमची पुढची कड आणि मागची कड सुतापासून किती लांब आहे ते पोलादी पट्टीने मोजायचे. दोन्ही अंतरे सारखी असली की चाक सरळ. पुढची कड सुताच्या जवळ गेली की चाक बाहेर बघते, लांब गेली की आत. सूत भाऊंच्या मागावरचे असते. गिऱ्हाईक मुख्यतः जुन्या जीपवाल्यांचे आणि रिक्षावाल्यांचे राहिले आहे.

पडद्यावर सेकंद दिसत होते. मी नऊ मोजले.

"खड्डा आहे का?" तंत्रज्ञाने विचारले.

"हाय."

"मग तो रॅम्पवाल्या दुकानांपेक्षा बरा. रॅम्पवर तिचं नाक घासेल." मग तो म्हणाला, "ट्रॅकवर मीपण सूतच लावतो."

उस्तादांनी फोनकडे पाहिले. भाऊंनी अण्णांच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की अण्णांच्या खिशातले पेन खाली पडले. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा सांगायला सांगा ना त्यांना." चालकाने सांगायला सांगितले. तंत्रज्ञाने पुन्हा सांगितले.

गाडीच्या मालकांना विचारतो म्हणून त्याने फोन ठेवला. सात मिनिटांनी परत केला. मालकांची परवानगी होती. शिवाय सोलापुरात चादरी चांगल्या कुठे मिळतात, असे त्यांनी विचारले होते. भाऊंनी पत्ता सांगितला. तो त्यांच्या स्वतःच्या मेहुण्याच्या दुकानाचा होता.

मग तंत्रज्ञाने अट घातली. मागची दोन्ही चाके दीड-दीड मिलिमीटर आत हवीत. कमी नको, जास्त नको. "उद्या संध्याकाळी गाडी पोचली की मी माझ्या सुतावर मोजणार. बरोबर असेल तर माझ्या अहवालात एवढंच जाईल की वाटेत बोल्ट सरकला, बसवून घेतला. बरोबर नसेल तर पट्टा कुणी कसा बांधला तेही जाईल. मला लिहावंच लागेल. कळलं का?"

"कळलं साहेब," चालक म्हणाला.

दीड वाजता गाडी उतरवायला घेतली. फळ्यांखाली उतार कमी व्हावा म्हणून भाऊंनी कारखान्यातून जाड टॉवेलचे सहा गठ्ठे मागवले. चालक आत बसला. त्याने बूट बाहेर काढून ठेवले होते. उस्ताद म्हणाले, "चालू कर."

इंजिनाच्या आवाजाबद्दल आठ महिन्यांत आमच्याकडे जी मते नोंदली गेली होती, त्यांपैकी एकही त्या दिवशी टिकले नाही. दुकानाच्या पत्र्यावरची कबुतरे गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाहीत. समोरच्या पिठाच्या गिरणीतून माणसे डबे हातात घेऊन बाहेर आली. अण्णा दोन्ही हात छातीवर ठेवून उभे होते. "मिक्सर न्हाय," ते म्हणाले. "मिक्सर न्हाय, मिक्सर न्हाय." मॅडम हसत होत्या, पण हसण्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

गाडी रस्त्यावर उतरली तेव्हा गर्दी मी त्रेपन्नपर्यंत मोजली, मग सोडून दिले. गिरणीतल्या एका बाईंनी काचेतून आत पाहिले.

"दोगंच बसणार? मग पोरं कुटं बसवायची?"

"त्या पंखावर," अण्णा म्हणाले.

"पंखा हाय व्हय त्यो? मला वाटलं वाळवण घालायचं हाय."

गाडी दुकानात नेण्याआधी अण्णांनी थांबायला सांगितले. नवी गाडी पहिल्यांदा उंबऱ्यात येतेय, तिला अशीच आत घ्यायची नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गिरणीशेजारून त्यांनी नारळ आणि चार लिंबे आणली. नारळ बाजूला फोडला. लिंबू प्रत्येक चाकाखाली एक. मॅडम म्हणाल्या की यामागे काही शास्त्र नाही. "शास्त्र तुमी बघा, लिंबू मी बघतो," अण्णा म्हणाले. उस्तादांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "ठिवा की. कुणाचं काय जातंय." चालकाने गाडी पुढे घेतली. चारही लिंबे फुटली. टाळ्या वाजल्या.

दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी खड्ड्यावर उभी होती. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक जागच्या जागी मोकळेपणी वळावे. सूत ताणले. ते गाडीला समांतर लावायचे तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या रुंदीतला फरक माहीत हवा. हा आकडा आमच्यापैकी तिघांना पाठ होता. मॅडमनी सांगितला. अण्णांनी सांगितला. मी सांगितला. तीन आकडे वेगळे होते. उस्तादांनी पट्टी घेऊन गाडीच मोजली. चौथा निघाला.

"आट म्हैने," उस्ताद म्हणाले. "आट म्हैने तुमी भांडत व्हता."

मी पट्टी वाचून आकडे लिहीत होतो. मागचे उजवे चाक दीड मिलिमीटर आत. मागचे डावे तीन मिलिमीटर बाहेर. उस्ताद खड्ड्यात उतरले, बोल्ट ढिला केला, खूण जागेवर आणली. अण्णांनी दुकानातून ठराविक दाबाने आवळायचा पाना आणला होता. आवळले. मोजले. दीड आत. चालक उठून उभा राहिला.

नियम असा की बसवल्यावर गाडी थोडी पुढेमागे ढकलायची, म्हणजे चाक नीट बसते, आणि पुन्हा मोजायचे. ढकलली. मोजले. अर्धा आत.

पुन्हा ढिला केला, पुन्हा आवळला. दीड. ढकलली. अडीच.

तिसऱ्यांदा, दीड. ढकलली. शून्य.

चालक परत बसला. तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. साडेसहाच्या आत निघाला नाही तर शनिवारी संध्याकाळी पोचणे शक्य नव्हते.

यानंतरच्या पंचवीस मिनिटांत त्या गाडीबद्दल जेवढे ज्ञान सोलापुरात उपलब्ध होते ते सगळे बाहेर आले. मॅडमचे म्हणणे, दांडीच्या टोकाला रबराऐवजी धातूचा सांधा आहे आणि तो सरकत असावा. अण्णांचे म्हणणे, गाडी ॲल्युमिनियमची आहे आणि उन्हाने वाढते आहे. "अण्णा, आपण सावलीत आहोत," मॅडम म्हणाल्या. "सावलीपण सोलापूरची हाय," अण्णा म्हणाले. मग दोघांचे एकमत झाले की कंपनीने मागचा भाग फार ताठ केला आहे आणि ही चूक मुळातलीच आहे. भाऊंनी सूत बदलून पाहिले; नवे सूत खळ दिलेले, दुहेरी, त्यांच्या मते न ताणणारे. फरक पडला नाही. मी एका परदेशी मासिकात वाचलेली मागच्या चाकांच्या आपोआप वळण्याची गोष्ट सांगितली. ती दुसऱ्याच गाडीची होती, असे मॅडमनी फोनवर शोधून दाखवले.

तंत्रज्ञाचा फोन आला. चालकाने उचलला. "चाललंय साहेब," एवढेच तो म्हणाला आणि फोन उलटा ठेवला.

"गप," उस्ताद खड्ड्यातून म्हणाले.

आम्ही गप्प झालो.

"ढकला. हळू. एक वीत."

भाऊ आणि मी ढकलली.

"अजून. थांब. मागं. थांब."

खड्ड्यातून त्यांचा हात वर आला होता आणि डाव्या चाकाच्या आतल्या कडेवरून फिरत होता. मग तो हात खाली गेला. बॅटरी लागली. दहा-बारा सेकंदांनी उस्ताद शिडीवरून वर आले आणि तळहात उघडला. त्यावर अर्धे लिंबू होते. चपटे, पिवळे, दोन बिया अजून आत.

अशा टायरचे रबर मुद्दाम मऊ केलेले असते. रस्त्याला चिकटावे म्हणून. फेब्रुवारीतल्या सोलापूरच्या उन्हात ते रस्त्याशिवाय इतरही गोष्टींना चिकटते. लिंबाची साल टायरच्या आतल्या कडेला बसली होती. गाडी ढकलली की ती कधी चाकाखाली यायची, कधी वर जायची. खाली आली की चाक एका कडेवर उचलले जाऊन तिरके व्हायचे आणि मोजमाप बदलायचे.

अण्णांनी तळहाताकडे वाकून पाहिले.

"चार ठेवली होती," ते म्हणाले. "रस्त्यावर तीनच दिसली मला. म्हटलं गेलं आसंल कुटंतरी."

आधी चालक हसला. तो पायरीवर बसलेला होता, तिथून आडवाच झाला. मग भाऊ. मग मॅडम भिंतीला टेकून खाली बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. खडूची भुकटी गालाला लागली. "ॲल्युमिनियम वाढतंय," त्या म्हणाल्या, आणि पुढे त्यांना बोलता येईना. उस्ताद हसत नव्हते. ते लिंबू अण्णांच्या हातात देऊन म्हणाले, "कंपनीची मुळातली चूक," आणि परत खड्ड्यात उतरले. तिथून त्यांच्या हसण्याचा आवाज आला.

फोन पुन्हा वाजला. चालकाने स्पीकर लावला.

"एवढा वेळ काय करताय?" तंत्रज्ञ म्हणाला.

"लिंबू होतं साहेब."

"काय होतं?"

"लिंबू. टायरला."

"टायरखाली लिंबू ठेवलं? ट्रॅकच्या टायरखाली?"

"अण्णांनी ठिवलं."

"कोण अण्णा?"

अण्णा दोन पावले मागे सरकले. "सांग गेले म्हणून," ते कुजबुजले.

"गेले, साहेब."

तंत्रज्ञाने चारही टायर हाताने तपासून, ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगितले. "आणि पुसल्याचे फोटो," तो म्हणाला. शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज नीट नव्हता. तो हसत होता की नाही, याची पुष्टी मी करू शकत नाही.

टायर भाऊंच्या नव्या टॉवेलांनी पुसले. उस्तादांनी चौथ्यांदा बोल्ट लावला. दीड. ढकलली. दीड. उलटी ढकलली, सरळ ढकलली, चालकाला आत बसवून ढकलली. दीड. मी आकडा प्रत्येक वेळी मोठ्याने वाचला आणि प्रत्येक वेळी गिरणीतली माणसे टाळ्या वाजवत होती. पाचव्या वेळी उस्ताद म्हणाले, "बास. त्येला चक्कर यील."

मग ते हात पुसत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. मागची चाके मुद्दाम आत वळवलेली असतात म्हणून ते आठ महिने या गाडीला घाबरट म्हणत आले होते. आता त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले.

"घाबरट न्हाय," ते म्हणाले. "सावध हाय."

"लिहू का हे?" मी विचारले.

"लिव्ह. आन एसी काढून दाम वाढवला, तेपण लिव्ह. त्यात बदल न्हाय."

अण्णांनी आपले गिअरबद्दलचे मत मागे घेतले नाही, पण आवाजामुळे ते बाजूला ठेवत आहोत, असे सांगितले. मॅडमनी पंखाला हात लावायची परवानगी मागितली. चालकाने नियम सांगितला: कुणीही आत बसायचे नाही, कुठेही हात लावायचा नाही. मग त्याने इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "एक बोट." मॅडमनी एक बोट लावले. भाऊंना त्याने दार उघडून पट्टा दाखवला. भाऊंनी चष्मा वर करून वीण पाहिली, एक ते बारापर्यंत काही मोजले आणि दार लावायला सांगितले. काय मोजले ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.

साडेपाचला गाडी ट्रेलरवर चढली. पट्टे चारही टायरवरून गेले. प्रत्येक पट्ट्याचा फोटो चालकाने तंत्रज्ञाला पाठवला. त्याने प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर दिले: ठीक. उस्तादांच्या पत्नीने डबा दिला, कारण दुपारचे जेवण कुणी जेवलेच नव्हते. सहा वाजून वीस मिनिटांनी ट्रेलर निघाला.

त्या रात्री आणि शनिवारी दिवसभर आमच्या पाच जणांच्या व्हॉट्सॲप गटावर मते आली नाहीत. मॅडमनी दुपारी एकदा विचारले, "काही कळलं का?" उस्तादांनी उत्तर दिले, "न्हाय." अण्णांनी विचारले, "फोन लावू का त्येला?" उस्ताद म्हणाले, "गाडी चालवतोय तो. गप बस." शनिवारी ते दुकान उघडून बसले होते. त्या दिवशी तीन रिक्षा आणि एक जीप आली. जीपवाल्याला त्यांनी एकच चाक दोनदा मोजून दाखवले, असे जीपवाल्याने सांगितले.

शनिवारी संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी चालकाने तंत्रज्ञाचा संदेश गटावर पुढे पाठवला. मागचे उजवे दीड. मागचे डावे दीड. काही बदललेले नाही. वाटेत बोल्ट सरकला, बसवून घेतला. सूत चांगले होते, कुठले, ते विचारून ठेवा.

भाऊंनी सात चौदाला सुताचा नंबर कळवला.

रविवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी गाडी ट्रॅकवर गेली. सोमवारी दुपारी वाहतूक कंपनीने ती मुंबईला परत नेण्याचे काम त्याच ट्रेलरला आणि त्याच चालकाला दिले.